भांगेचं औषध घरी आणण्याआधी

मिरजेत दवाखान्यांच्या रांगेत माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं मी त्याच काउंटरमागे उभी आहे. अलीकडे एक गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. ते आधी बाजूला थांबतं, बाकीची माणसं गेली की पुढे येतं आणि हातातला मोबाइल माझ्यासमोर धरतं. "ताई, हे तेल तुमच्याकडं मिळतंय का?" मोबाइलवर हिरवं पान, काळी बाटली आणि खाली यादी: कॅन्सर, फिट, साखर, झोप, सांधे. माणूस जतचा असतो, अथणीचा असतो. कोणाच्या वडिलांची केमो चालू असते, कोणाच्या पोराला दिवसाला आठ-दहा झटके येत असतात.

अशा माणसाला हुसकावून लावणं मला जमत नाही, कारण माझ्या घरीही ही बाटली आली होती. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा धाकट्या भावाने पुण्याहून ती मागवली. मी फार्मासिस्ट असूनही त्या बाटलीने आम्हाला एका रात्री चांगलंच घाबरवलं. काउंटरवर उभ्याउभ्या हे सगळं सांगायला अर्धा तास जातो आणि मागे रांग लागते, म्हणून इथे नीट लिहून काढते.

नेमकं काय मागताय ते आधी ठरवा

झाड एकच, पण नावं वेगळी आणि प्रत्येक नावामागची वस्तू वेगळी. पानं म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्यातून निघणारी राळ म्हणजे चरस. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर 'विजया' लिहिलेलं असतं, ते भांगेचंच शास्त्रातलं नाव. या झाडात शंभराहून जास्त खास रसायनं सापडली आहेत, पण औषध म्हणून आपल्याला दोन ओळखता आली तरी पुरे. टीएचसी नशा आणतं, भूक वाढवतं, मळमळ कमी करतं, काही दुखण्यांत थोडा आराम देतं. सीबीडीने नशा होत नाही. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा फिटच्या काही प्रकारांत आहे.

तिसरी वस्तू म्हणजे हेम्प सीड तेल, बियांचं तेल. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, त्यांचं पीठ आणि तेल यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. जवसाच्या तेलासारखं हे अन्न आहे. त्यात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही नावापुरतीच असतात, आणि कायद्याने तशीच असावी लागतात. दोन वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली होती. पिशवीतून हिरवट तेलाची बाटली काढून म्हणाली, "तीन महिने देतोय, फिट काय कमी हुईना." बाटली बियांच्या तेलाची होती. विकणाऱ्याने वर भलंमोठं पान छापलं होतं आणि किंमतही औषधाची लावली होती. आणखी वाईट म्हणजे, हे तेल काम करेल या भरवशावर तिने चालू गोळीतली एक वेळ कमी केली होती. मी तिला त्याच पावली मुलाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

म्हणून बाटली हातात घेतली की पहिला प्रश्न हा: हे बियांचं आहे, सीबीडीचं आहे, की टीएचसी असलेला विजया अर्क आहे? विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल तर पुढचं काही विचारू नका.

कोणत्या तक्रारीसाठी?

"कॅन्सरसाठी" हे उत्तर पुरत नाही. कॅन्सरच्या माणसाला मळमळ असते, दुखणं असतं, भूक नसते, झोप नसते, भीती असते. यातल्या कोणत्या तक्रारीसाठी हवंय ते एका वाक्यात कागदावर लिहा. गाठच विरघळेल या आशेने आणणार असाल तर तसं दाखवणारा माणसांवरचा पुरावा नाही, हे मला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी अनेक गोष्टींनी मरतात. त्या बातमीवर केमो थांबवलेली माणसं मी पाहिली आहेत.

फिटची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या देशातून सुरू होते. विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवत होता. इथले वैद्य, हकीम हे झाड वापरतात हे त्याने पाहिलं, त्यांच्याकडून माहिती घेतली, आधी जनावरांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले आणि १८३९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच्या रुग्णांत संधिवाताचे होते, धनुर्वाताचे होते आणि झटके येणारं एक तान्हं बाळही होतं. त्या बाळाला आराम पडला. पुढे विलायतेतल्या औषधपेढ्यांत गांजाचा अर्क पोचला तो मुख्यतः त्याच्यामुळे.

मग मोठी खीळ बसली, कारण झाडातलं नेमकं काय काम करतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं, पण भांगेतलं टीएचसी शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना मांडायला १९६४ साल उजाडलं. ते काम इस्राएलमध्ये राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी केलं. सीबीडीची रचना मेकुलम यांनीच आदल्या वर्षी मांडली होती. १९९२ मध्ये त्यांच्या गटाला आपल्याच मेंदूत तयार होणारं, टीएचसीसारखं काम करणारं रसायन सापडलं. त्याचं नाव त्यांनी संस्कृत 'आनंद' या शब्दावरून 'आनंदमाइड' ठेवलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

१९८० मध्ये ब्राझीलच्या एका छोट्या चाचणीत फिटच्या आठ रुग्णांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. त्यातल्या चौघांचे झटके जवळजवळ थांबले. इतकं दिसूनही पुढची तीस वर्षं मोठी चाचणी झाली नाही. २०१३ मध्ये सीबीडीच्या तेलाने झटके खूप कमी झालेल्या अमेरिकेतल्या शार्लट फिगी या लहान मुलीची गोष्ट टीव्हीवर आली आणि आईबापांचा रेटा वाढला. २०१७ मध्ये ड्राव्हे सिंड्रोम या फिटच्या अवघड आजाराच्या १२० मुलांवरची आणि तरुणांवरची चाचणी छापून आली. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याचे झटके मध्यकाने १२.४ वरून ५.९ वर आले, औषध नसलेलं नुसतं द्रावण घेणाऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. झटके पूर्ण थांबले ते सीबीडी गटातल्या ५ टक्के मुलांचे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या फिटच्या दोन प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीच्या एपिडिओलेक्स या द्रावणाला परवानगी दिली. पुढे २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजारातल्या फिटसाठीही दिली.

हे आकडे मी आईबापांना मुद्दाम वाचून दाखवते. दिवसाला दहा झटके येणाऱ्या घरात निम्मे होणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते पुरते थांबतील असं कोणी सांगत असेल तर तो खरं बोलत नाही. शिवाय हा पुरावा ठरावीक प्रकारांचा आहे. आपल्या मुलाच्या फिटचा प्रकार कोणता, हे फाइलवर लिहिलेलं असतं. नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

केमोच्या मळमळीवर टीएचसीच्या कॅप्सूलला अमेरिकेत १९८५ मध्येच परवानगी मिळाली. पण आज त्याहून चांगली औषधं सहज मिळतात. "उलटी थांबत नाही, तेल द्या" म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, ऑन्डानसेट्रॉन वेळेवर घेताय का? बरेचदा उत्तर येतं, "उलटी झाली की घेतो." ती गोळी उलटीच्या आधी घ्यायची असते. तेवढं सुधारलं तरी निम्म्या लोकांना तेलाची आठवण राहत नाही. ब्रिटनने २०१८ च्या नोव्हेंबरपासून तज्ज्ञ डॉक्टरांना भांगेपासूनची औषधं लिहून द्यायची मुभा दिली. तिथल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: नेहमीची औषधं देऊन मळमळ हटली नाही तर जोडीला नॅबिलोन हे टीएचसीसारखं औषध. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात पाय आखडतात, त्यासाठी टीएचसी आणि सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा, तोही चार आठवडे देऊन बघा आणि फरक पडला तरच पुढे.

जुनाट दुखण्याबद्दल जाणकारांतच एकमत नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या जुनाट दुखण्यात पुरावा भरीव असल्याचं म्हटलं. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये शिफारस करायला नकार दिला. माझं मत विचाराल तर, कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिनची नीट मात्रा मिळत नसेल तोवर भांगेकडे वळू नये. मॉर्फिन म्हटलं की घरची माणसं घाबरतात आणि भांगेचं तेल मात्र 'नैसर्गिक' म्हणून बिनधास्त देतात. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. आण्णांना शेवटी झोप लागली ती दर चार तासांच्या १० मिलिग्रॅमच्या मॉर्फिनने आणि सोबतच्या पोट साफ ठेवणाऱ्या औषधाने. मॉर्फिनच्या चिठ्ठीवर बद्धकोष्ठाचं औषध नसेल तर डॉक्टरांना आठवण करा.

चिठ्ठी आणि कायदा

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पानांपासूनची आयुर्वेदिक विजया औषधं याच आधारावर परवाना घेऊन बनतात. पण पानं मोकळी आहेत असं समजू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं दारूबंदी कायद्याखाली येतं. घरी कुंडीत झाड लावून औषध करणं तर सरळ गुन्हा आहे, आजार कोणताही असो.

औषध नियमांच्या ई-१ या यादीत विजया आहे, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत. अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत लागते. ती सूचना नसेल, परवाना क्रमांक नसेल, बॅच नंबर किंवा मुदत नसेल, तर बाटली परत करा. आणि जाहिरातीत कॅन्सर, फिट, मधुमेह बरा करण्याचा दावा असेल तर १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने तो दावाच बेकायदा आहे. जो एक कायदा मोडतो त्याने बाटलीत काय भरलंय यावर मी भरवसा ठेवत नाही.

चिठ्ठी नोंदणीकृत आयुर्वेद डॉक्टरांची लागते. ऑनलाइन दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवरही ती निघते, हे मला माहीत आहे. आमचीही तशीच निघाली होती. त्या कॉलमध्ये आण्णांना चालू औषधं कोणीच विचारली नाहीत. तुम्ही न विचारता सांगा, आणि ही चिठ्ठी कॅन्सरच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. मी ओळखते त्यातले बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत, वहीत लिहून घेतात.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेलं, थायलंडहून आणलेलं, अमेरिकेतल्या भाच्याने बॅगेत घातलेलं तेल घेऊ नका. तिथे कायदेशीर असलेली वस्तू मुंबई विमानतळावर गुन्हा ठरते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भांग सगळ्यात कडक यादीतून काढली, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताचं मत बाजूने होतं. ती बातमी दाखवून लोक म्हणतात, आता सगळं मोकळं झालं. तसं झालेलं नाही. औषधी उपयोग मान्य झाला, नियंत्रण कायम राहिलं.

लेबलवरचं गणित

हा भाग सावकाश वाचा, आमची चूक इथेच झाली.

आण्णांच्या बाटलीवर लिहिलं होतं: ३० मिली, विजया अर्क ३००० मिलिग्रॅम. भाऊ म्हणाला, ताकदवान दिसतंय. पण अर्क म्हणजे टीएचसी नव्हे आणि सीबीडीही नव्हे. अर्कात मेण असतं, हरितद्रव्य असतं, बाकीची रसायनं असतात. आता हिशोब करा. ३००० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम अर्क. एका मिलीचे साधारण २० थेंब धरले तर एका थेंबात ५ मिलिग्रॅम अर्क. त्या अर्कात टीएचसी निम्मं असेल तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम टीएचसी. ते ५ टक्केच असेल तर एका थेंबात पाव मिलिग्रॅम. लेबल तेच, थेंब तेवढाच आणि फरक दहा पटींचा. अंदाजासाठी लक्षात ठेवा, अमेरिकेत मिळणाऱ्या टीएचसीच्या कॅप्सूलची सगळ्यात छोटी मात्रा अडीच मिलिग्रॅम आहे.

म्हणून विकणाऱ्याकडे त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यावर बाटलीवरचाच बॅच नंबर हवा. टीएचसी आणि सीबीडी किती हे मिलिग्रॅममध्ये वेगवेगळं हवं, आणि शिसं, पारा यांसारखे जड धातू व कीटकनाशकं तपासलेली हवीत. हे झाड जमिनीतले धातू चांगलेच शोषून घेतं. अहवाल मिळाला नाही तर बाटलीही नको.

सीबीडीचं गणित उलट्या बाजूने फसवतं. फिटसाठी परवानगी मिळालेल्या द्रावणाची मात्रा वजनावर असते. सुरुवात दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, आणि आठवड्याने १०. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम. बाजारातल्या ३० मिलीच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर ती पाच दिवसांत संपते. रोज चार थेंब देऊन "गुण आला नाही" किंवा "गुण आला" म्हणणाऱ्यांच्या मुलाच्या पोटात सहा-सात मिलिग्रॅमच गेलेलं असतं. महिन्याचा खर्च या हिशोबाने आधी काढा. तो झेपणारा नसेल तर अर्धवट देण्यात पैसेही जातात आणि मुलाचे दिवसही.

थेंबावर भरवसा ठेवू नका. ड्रॉपर बदलला, हात कापला, थंडीने तेल घट्ट झालं की थेंब बदलतो. एक मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून फेकून द्या आणि रेघा बघून मोजा. दुकानात दहा रुपयांच्या आत मिळते.

चालू औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला. संपलेल्या स्ट्रिपही घाला, काढे आणि चूर्णंही घाला. जातिफलादी चूर्णात भांग असते, हे पोटाच्या तक्रारीसाठी ते घेणाऱ्या अनेकांना माहीत नसतं.

सीबीडी यकृतातल्या त्याच यंत्रणेतून जातं जिथून बाकीची बरीच औषधं जातात. क्लोबाझाम ही फिटची गोळी चालू असेल तर त्यापासून शरीरात तयार होणारं एक द्रव्य सीबीडीमुळे साधारण तिपटीने वाढतं आणि मूल दिवसभर पेंगतं. व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. सुरू करायच्या आधी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात एसजीपीटी आणि बाकीच्या यकृताच्या तपासण्या हव्यात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर लवकर बघावा लागतो. किडनी बदललेल्या माणसाच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी चढू शकते. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, दारू यांच्यासोबत टीएचसी म्हणजे पेंग दुप्पट.

जेवणाचंही असंच. तुपाच्या जेवणासोबत सीबीडी रक्तात चार-पाच पट जास्त उतरतं. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस पुरणपोळीनंतर असं केलंत तर बाटली तीच राहून मात्रा रोज वेगळी पडते. वेळ आणि जेवण ठरवून घ्या. आपल्या वैद्यांनी भांग पाण्याने धुऊन, वाळवून तुपावर परतायची रीत घालून दिली, त्यात हे ज्ञान होतंच. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतं. आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने भांगेला पाचक, ग्राही (मल बांधणारी) म्हणताना 'मोह' आणि 'मद' वाढवणारी असंही त्याच श्वासात सांगितलंय. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांनी ते अर्धं वाचलेलं असतं.

पहिली रात्र

चिठ्ठीवर पाच थेंब होते. रात्री नऊला आण्णांनी घेतले. दहाला म्हणाले, "काय फरक न्हाई." मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी स्वतःच आणखी दहा थेंब जिभेवर सोडले. साडेबाराला बाथरूमच्या दारात धप्प आवाज आला. आण्णा खाली बसले होते, पाठ भिंतीला आणि डोळे उघडे. मला ते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते आणि गावच्या वाड्याचं दार लावून घे म्हणत होते. नाडी ११८, बीपी ९० वर ६०. ते बीपीची गोळी घेत होते आणि लघवीसाठी टॅम्सुलोसिनही. दोन्हींनी बीपी उतरतं आणि टीएचसीने उभं राहताना आणखी उतरतं. हे मला माहीत होतं. कागदावर लिहून समोर ठेवलेलं नव्हतं. आम्ही त्यांना आडवं केलं, पाय उशीवर घेतले, डॉक्टरांना फोन केला आणि सकाळपर्यंत शेजारी बसून राहिलो. हाड मोडलं नाही, हे नशीब.

तोंडाने घेतलेलं टीएचसी चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि सहा-आठ तास टिकतो. ओशॉनेसीलाही हे असंच कळलं होतं. त्याने संधिवाताच्या एका रुग्णाला दुपारी दोनला राळेचा एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम दिला. चारला तो गाऊ लागला, जेवण मागू लागला. सहाला झोपला. आठला बघतात तर बेशुद्ध, आणि त्याचा हात उचलून जसा ठेवावा तसाच हवेत राहतोय. रात्री उशिरा तो शुद्धीवर आला. पहिले दोन तास काही घडलं नाही म्हणून त्याला आणखी एक ग्रेन दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री आण्णांशेजारी बसून केला.

तेव्हा नियम करा. पहिली मात्रा चिठ्ठीतली सगळ्यात कमी, रात्री झोपताना, दुसरं माणूस घरात असताना. त्या रात्री दुसरी मात्रा नाही, कितीही वाटलं तरी. बाटली रुग्णाच्या उशाशी ठेवायची नाही, देणाऱ्याच्या कपाटात कुलपात ठेवायची. लहान मुलं असतील तर विशेषच. बाथरूमचा दिवा चालू, वाटेतली चटई उचललेली, उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसायचं. दोन-तीन दिवस तीच मात्रा, मग डॉक्टरांना विचारून बदल. घेणाऱ्याने दुचाकी चालवायची नाही, विळी-चुलीजवळ एकट्याने जायचं नाही.

एक वही करा. तारीख, वेळ, किती मिली, जेवण काय, तासाने आणि चार तासांनी कसं वाटलं, दुखणं दहापैकी किती, झोप किती तास. सुरू करण्याआधीचा आठवडाभरही हेच लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? फिट असेल तर झटके मोजा आणि मोबाइलवर एक-दोन चित्रित करून डॉक्टरांना दाखवा.

आधीचा आठवडा लिहा असं मी इतकं बजावून सांगते, कारण आशा डोळ्यांना फसवते. ऑस्ट्रेलियात कॅन्सर बराच पसरलेल्या १४४ रुग्णांवर सीबीडी तेलाची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निकाल आले. तेल घेणाऱ्यांना दोन आठवड्यांत बरं वाटलं. नुसतं साधं तेल घेणाऱ्यांनाही तितकंच बरं वाटलं. आण्णांचा पहिला आठवडाही बरा गेला होता, त्या पडण्यानंतर मात्रा कमी केल्यावरसुद्धा. वही बघितल्यावर दिसलं, त्याच आठवड्यात भाऊ सुट्टी घेऊन घरी होता आणि रोज रात्री त्यांचे पाय चेपत होता.

कोणी घेऊच नये

घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तशा आजाराचा इतिहास असेल तर टीएचसी नको. पंचविशीच्या आतल्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय नको. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला नको. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, ठोके अनियमित असतील तर नको, कारण टीएचसीने ठोके वाढतात.

वेडाबद्दल थोडं सांगते, कारण दोन्ही टोकांची माणसं भेटतात. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले, देशभरची वेड्यांची इस्पितळं पाहिली आणि रजिस्टरात 'गांजामुळे वेड' हे कारण पुष्कळदा नीट चौकशी न करताच भरलं गेल्याचं शोधून काढलं. माफक वापराने फारसं नुकसान होत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. तो दाखला देऊन 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना मी सांगते, रजिस्टर चुकीचं होतं म्हणून धोका खोटा ठरत नाही. कोवळ्या वयात, जास्त ताकदीचं टीएचसी रोज घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

थांबायचं कधी

सुरू करतानाच कॅलेंडरवर चार आठवड्यांवर खूण करा. त्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या एका तक्रारीत फरक दिसत नसेल तर बंद. 'चालू राहू दे, अपाय तर नाही' म्हणून पुढची बाटली मागवू नका. फिटसाठीचं सीबीडी मात्र एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं, नाहीतर झटके उसळतात. मधेच डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, सारखी पेंग येऊ लागली, भास झाले, छाती धडधडली तर चार आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा आणि बाटली सोबत घेऊन जा.

आम्ही एकविसाव्या दिवशी बंद केलं. मॉर्फिनची मात्रा नीट बसली होती आणि वहीत तेलाचा वेगळा फरक दिसत नव्हता. उरलेली बाटली शेजारच्या आजोबांनी गुडघ्यांसाठी मागितली. मी दिली नाही. तुमच्याकडे उरली तर तुम्हीही देऊ नका. ती दुसऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीवरची असते आणि त्याच्या गोळ्यांची पिशवी तुम्ही पाहिलेली नसते.

दुकानात येऊन विचारायचं असेल तर दुपारी तीन ते पाच या. गर्दी नसते. फाइल, स्ट्रिपांची पिशवी, बाटलीचा आणि अहवालाचा फोटो घेऊन या, आणि ते एका वाक्याचं कागदावरचं उत्तरही.